रोजनिशी कशी सुरू करावी, कशी टिकवावी: गावाकडून वारंवार येणारे प्रश्न

विदर्भात बहुतेक कास्तकारांच्या घरी एक वही आधीपासून असते. वेचणीचे किलो, मजुरीचे दिवस, कृषी केंद्रातली उधारी, सालगड्याला दिलेली उचल, असं सगळं तिच्यात असतं. रोजनिशी सुरू करायला वेगळं काही उभारावं लागत नाही. याच वहीत हिशेबाखाली स्वतःबद्दल एक ओळ लिहिली की काम सुरू झालं. खालचे प्रश्न कास्तकार, घर सांभाळणाऱ्या बाया, शाळा-कॉलेजातली पोरं आणि निवृत्त गुरुजी यांच्या तोंडी नेहमी असतात. काही प्रश्न वऱ्हाडीतच ठेवले आहेत.

हिशेबाची वही आणि रोजनिशी यांत फरक काय?

जुन्या मराठी दफ्तरांत रोजकीर्द असायची. त्या दिवशी काय जमा झालं आणि काय खर्च झालं, एवढंच तिच्यात. रोजनिशीत तोच दिवस असतो, पण तो ज्याच्यावरून गेला त्याच्या बाजूने लिहिलेला.

हिशेबात लिहिलं जातं: "कापूस ४ क्विंटल १० किलो, गाडीभाडं दिलं." त्याच्याखाली रोजनिशीची ओळ येते: "व्यापाऱ्यानं कापूस बोटानं ओढून पायला तवा पोटात गोया आला." दोन्ही ओळी एकाच पानावर असाव्यात. नुसता हिशेब दहा वर्षांनी वाचताना भाव कळतो, माणूस सापडत नाही. आणि नुसत्या भावना लिहिल्या तर त्या कशामुळे आल्या होत्या तेच पुढे आठवत नाही.

मले लिवाचं त हाये, पन वही घेऊन बसलो का काईच सुचत नाई. काय करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. "आज मनात काय आहे" असं स्वतःला विचारलं की मन गप्प होतं. म्हणून सुरुवात मनापासून करू नका, डोळ्यांसमोरच्या गोष्टींपासून करा. पहिले पंधरा दिवस फक्त तीन ओळी लिहा:

१. हवा आणि पाणी कसं होतं.
२. आपल्या हातून काय काम झालं.
३. दिवसभरात ऐकलेलं एक वाक्य, बोलणाऱ्याच्या शब्दांत, जसंच्या तसं.

एका दिवसाची नोंद अशी दिसेल: "दिवसभर आभाय होतं, पानी नाई आला. वरच्या वावरात पऱ्हाटीले डवरणी झाली. माय म्हने, यंदा पोया कोरडाच जाते वाट्टे."

तिसरी ओळ सोडू नका. माणसाचं बोलणं उतरवलं की त्याचा राग, काळजी, माया आपोआप कागदावर येते, वेगळी सांगावी लागत नाही. पंधरा दिवसांत बहुतेकांच्या तीन ओळींच्या पाच होतात. नाही झाल्या तर तीनच राहू द्या. तीन ओळींची रोजनिशी अपुरी नसते.

मोघम शब्द मात्र टाळा. "आज बरं वाटलं नाही" ही ओळ सहा महिन्यांनी कोरी होते. "बैलाले चारा टाकताना हात थरथरत होते, सकायपासून चहावरच होतो" ही ओळ वीस वर्षांनीही बोलते.

साध्या माणसाच्या साध्या दिवसात लिहिण्यासारखं असतं तरी काय?

मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात ते लीळाचरित्र तेराव्या शतकात आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तयार झालं. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडून आठवणी गोळा केल्या. त्यांत थोर उपदेश आहे, तसंच कोण कुठे बसलं, कोण काय बोललं, काय खाल्लं, वाटेत काय घडलं हेही आहे. आज त्या काळातलं गाव, जेवण, बोलणं आपल्याला कळतं ते या बारीक तपशिलांमुळे.

तुमच्या गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, कोणत्या साली आटाचक्की बंद झाली, मोहफूल वेचायला कोण कोण जायचं, तान्ह्या पोळ्याला पोरांच्या लाकडी बैलांना कोणता रंग दिला होता, भुलाबाईची गाणी कोणाच्या अंगणात झाली, हे दुसरीकडे कुठेच लिहिलं जाणार नाही.

प्रमाण मराठीत लिहायचं की आपल्या बोलीत?

ज्या भाषेत तुम्ही घरात भांडता आणि बाळाला निजवता, त्या भाषेत लिहा. शाळेत "मले" लिहिलं की गुरुजी खाली लाल रेघ ओढायचे, ती रेघ पुष्कळांच्या हातात अजून अडकून आहे. रोजनिशीला परीक्षक नसतो.

बोलीत लिहिण्याचा एक रोकडा फायदा आहे. प्रमाण शब्द शोधताना दर वाक्याला हात थांबतो आणि थांबलेला हात वही मिटतो. वऱ्हाडीत "आभाय", "वावर", "बंडी", "उधई" हे शब्द आपसूक येतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानाच्या पट्ट्यात झाडीबोली आहे, तिथल्या माणसाने झाडीबोलीत लिहावं. गोंडी, कोरकू, कोलामी बोलणाऱ्यांनी त्या भाषा देवनागरीत लिहायला काहीच हरकत नाही. एखादा ध्वनी देवनागरीत नीट बसत नसेल तर अक्षराखाली टिंब द्या आणि त्या टिंबाचा उच्चार पहिल्या पानावर लिहून ठेवा.

शेवटची दोन पानं शब्दांसाठी राखा. वखराच्या, बंडीच्या, जुन्या चुलीच्या एकेका भागाला घरातली म्हातारी माणसं काय म्हणतात ते टिपा. ती अवजारं वापरातून गेली की त्यांची नावंही जातात.

वही आणि पेन कोणतं घ्यावं?

साधी २०० पानी, एकेरी रेघेची, दोऱ्याने शिवलेली वही. रोज अर्धं पान धरलं तर ती ४०० दिवस पुरते, म्हणजे गुढीपाडव्याला सुरू केली तर वर्ष पार करून जाते. स्पायरलची वही घेऊ नका. तिची तार पावसाळ्यात गंजते, पानं भोकापासून फाटतात. नुसत्या गोंदावर चिकटवलेल्या वहीचं पुठ्ठं मे महिन्याच्या उन्हात सुटतं. छापील तारखांची डायरी फुकट मिळाली तरी नवशिक्याने तिच्यापासून लांब राहावं, कारण सुटलेल्या दिवसांची कोरी पानं रोज टोचत राहतात आणि ज्या दिवशी सांगायला पुष्कळ असतं त्या दिवशी जागा पुरत नाही.

पेन साधं बॉलपेन. त्याची शाई तेलात कालवलेली असते, म्हणून पान भिजलं तरी अक्षर पसरत नाही. स्वस्त जेल पेनची आणि शाईपेनची शाई बहुधा पाण्यात फुटते, शिवाय पातळ कागदावर मागच्या बाजूने उमटते. शंका असेल तर एक ओळ लिहा, दहा मिनिटं वाळू द्या आणि ओलं बोट फिरवून पाहा. पेन्सिलही चांगली. ती पाण्याने जात नाही, उन्हाने उडत नाही, फक्त घासून पुसट होते.

पहिल्या पानावर नाव, गाव, तालुका आणि सुरुवातीची तारीख. त्यानंतरची चार पानं सूचीसाठी कोरी सोडा. रोजच्या नोंदीवर वर्षासह पूर्ण तारीख आणि वार लिहा. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी" एवढंच लिहिलं तर ते कोणत्या सालचं हे पाच वर्षांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. तिथी लिहायची असेल तर तारखेशेजारी लिहा.

रोज टाइम कुठं भेटते?

बारा महिने एकच वेळ पाळायचा हट्ट केला की रोजनिशी जूनमध्ये मोडते. शेतकऱ्याचा दिवस ऋतूप्रमाणे बदलतो, म्हणून लिहिण्याची वेळही बदलावी.

मार्च ते मे दुपारी एक ते चार कोणी वावरात नसतं. लांब लिहिण्याचे हेच महिने. लग्नं, जत्रा, तेंदूपत्ता, सालगड्याचा नवा करार, सगळं इथेच येतं.

जून-जुलैमध्ये पेरणी आणि निंदण. या दोन महिन्यांत दिवसाला एकच ओळ, तीही खिशातल्या चिठ्ठीवर चालेल. चौकोनी घडी घातलेला कागद आणि पेन्सिलीचा तुकडा खिशात किंवा बटव्यात ठेवा, रविवारी त्या चिठ्ठ्या वहीत उतरवा. उतरवताना सुधारू नका. मळलेली चिठ्ठीच वहीत ठेवली तरी चालते.

ऑक्टोबरपासून सोयाबीनची कापणी, मग कापसाची वेचणी. संध्याकाळी अंग मोडून येतं, तेव्हा सकाळच्या चहाबरोबर कालचा दिवस लिहा. रब्बीत मोटरची वीज रात्रपाळीला असली की हरभऱ्याला पाणी देताना बांधावर बसून लिहिणारे आहेत. ते जमतं, पण टॉर्च तोंडात धरून लिहू नका. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या आणि बसण्याआधी जागा नीट पाहून घ्या.

बायांना सलग वेळ क्वचितच मिळतो. दुपारची भांडी झाल्यावर आणि पोरं शाळेतून यायच्या आत जी दहा मिनिटं असतात, ती वहीला द्यावीत. वही आणि पेन एकाच पिशवीत असावं. पेन शोधण्यात पाच मिनिटं गेली की उरलेल्या पाचात कोणी लिहीत नाही.

मधे आठ-पंधरा दिवस सुटले तर?

सुटलेले दिवस भरायला बसू नका. आजची तारीख टाका, "मधले बारा दिवस लिहिलं नाही, ताप होता" अशी एक ओळ लिहा आणि आजपासून पुढे चला. मागचं भरत बसलेली माणसं तिसऱ्या दिवशी वही टाकतात, हे नेहमीचं आहे.

पाच वर्षांची एकच वही कशी करतात?

शेती करणाऱ्याला ही पद्धत फार कामाची आहे. ४०० पानी रजिस्टर घ्या. प्रत्येक पानाच्या डोक्यावर फक्त तारीख आणि महिना लिहा, वर्ष नको. २९ फेब्रुवारी धरून ३६६ पानं लागतात. प्रत्येक पानाचे पाच आडवे भाग करा आणि दर वर्षी एक भाग भरा. दुसऱ्या वर्षी १२ जूनला वही उघडली की गेल्या वर्षीचा १२ जून वरच दिसतो: पाणी आला होता का, पेरणी केली होती का, मन कसं होतं.

पावसाची नोंद मापाने करा. सरळ उभ्या कडांचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवा. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर. सकाळी साडेआठला पट्टी बुडवून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, हवामान खात्याचीही हीच वेळ आहे. प्लास्टिकच्या पट्टीचा शून्य काठापासून थोडा आत असतो, तेवढं अंतर मोजलेल्या आकड्यात मिळवा, नाहीतर रोजचा पाऊस कमी भरेल. १ मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, एकराला साधारण ४,००० लिटर. दिवसाला २.५ मिमी किंवा जास्त झाला तर हवामान खातं तो पावसाचा दिवस धरतं. शेजारी नक्षत्र लिहा. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला. घरातली म्हातारी माणसं नक्षत्रावरून बोलतात आणि कृषी सहायक तारखेवरून. पानावर दोन्ही असलं की त्यांचं बोलणं जुळतं.

शेतीच्या कामाचं नेमकं काय टिपावं?

बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर, बिलाची तारीख, पेरलेलं वावर, उगवण किती दिवसांनी दिसली, वेचणीचे किलो माणसागणिक. मजुरीत दिलेली उचल वेगळ्या खान्यात.

फवारणीची नोंद कधीही चुकवू नका: औषधाचं नाव, डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग (लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा), पंपाला किती टाकलं, दोन औषधं मिसळली का, कोणी फवारलं, किती वाजता सुरू केलं, वारा होता का. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली. अशा वेळी डॉक्टरांना सगळ्यात आधी हवं असतं ते औषधाचं नाव. उलटी, घाम, डोळ्यांसमोर अंधारी आली की डबा आणि वही दोन्ही घेऊन दवाखान्यात जा.

घरच्यायनं वाचलं त?

एकत्र घरात ही भीती खरी आहे. ती बाळगून लिहिणारा माणूस खोटं लिहायला लागतो, आणि खोट्या रोजनिशीत त्याचाही जीव फार दिवस रमत नाही.

पहिला उपाय म्हणजे दोन वह्या. हिशेब, पाऊस, पाहुणे, सणवार यांची एक उघडी वही. ती कोणीही पाहावी. मनातलं दुसऱ्या वहीत. उघडी वही घरात सगळ्यांच्या डोळ्यांखाली असली की दुसरीकडे कोणाचं लक्ष जात नाही. दुसरीला कुलूप लावू नका, कुलूप पाहिलं की कुतूहल वाढतं. पोरांच्या जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात, तसंच कव्हर घातलेली वही वर्षानुवर्षं राहते.

दुसरा उपाय म्हणजे नावं बदलणं. "ज." किंवा "वरच्या घरचे" असं लिहा. खुणांची यादी त्याच वहीत ठेवू नका.

तिसरा उपाय मोडी लिपी. मराठी दफ्तर शेकडो वर्षं या लिपीत चाललं. रोज अर्धा तास सराव केला तर काही आठवड्यांत लिहिता येते, आणि आज गावात ती वाचणारा क्वचित सापडतो. पण तुमच्या मागे घरात कोणालाही ती वही वाचता येणार नाही, हे आधीच धरून चाला.

वही सापडली म्हणून मारहाण होईल अशी परिस्थिती असेल, तर ती वही घरात ठेवू नका. कागदावर लिहा, वाचा, चुलीत घाला. लिहिल्याने डोकं हलकं होतं ते कागद उरला नाही तरी होतं. आणि मदतीसाठी १८१ हा महिलांचा क्रमांक आहे, तातडीला ११२.

नवरा, सासू किंवा मुलगा असाल आणि दुसऱ्याची वही हाती लागली, तर मिटून जागेवर ठेवा. वाचून झाल्यावर मागितलेली माफी त्या माणसाला पुन्हा लिहितं करत नाही.

दुःखाचं, रागाचं लिहावं का? लिहून आणखी त्रास होतो म्हणतात.

दोन्ही खरं आहे, म्हणून पद्धत पाळा. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला लावलं होतं. लिहून उठताना त्यांचं मन आणखी जड व्हायचं. पण पुढच्या महिन्यांत, साध्या विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा ते आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. या धर्तीवर पुढे पुष्कळ अभ्यास झाले. फायदा दिसतो तो बेताचा, आणि सगळ्यांना सारखा होत नाही.

वापरायचं ते असं. विषय एक, दिवस चार, रोज १५ ते २० मिनिटं. शुद्धलेखन पाहायचं नाही, हात थांबवायचा नाही. काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, दोन्ही लिहायचं. चौथ्या दिवशी थांबायचं. झोपायच्या अगदी आधी लिहू नका, नंतर निदान अर्धा तास साधं काम करा. लिहिताना सहन होईनासं झालं तर त्याच क्षणी विषय सोडा. घरात मृत्यू होऊन चारच दिवस झाले असतील, तर या पद्धतीने लिहायची ती वेळ नाही. काही आठवडे जाऊ द्या.

बिघडतं ते इथे: तीच तक्रार, त्याच शब्दांत, महिनोन्‌महिने. त्याने मन मोकळं होत नाही, जखम रोज खाजवली जाते. सलग तीन दिवस एकच ओळ आली की चौथ्या दिवशी प्रश्न बदला: "यात माझ्या हातात काय आहे? कोणाला विचारता येईल? किती तारखेपर्यंत?" कर्जाबद्दल लिहीत असाल तर रक्कम, कोणाचं, व्याज किती, पुढचा हप्ता कधी, हे आकड्यांत मांडा. डोक्यात फिरणारं कर्ज बहुधा कागदावरच्या कर्जापेक्षा मोठं असतं.

आणि वहीत "जगण्यात अर्थ नाही", "मी गेलो तर सगळ्यांचं सुटेल" अशा ओळी येऊ लागल्या, तर वही बाजूला ठेवा आणि आजच्या आज घरातल्या एका माणसाला सांगा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी, मोफत क्रमांक आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. दुसऱ्याच्या वहीत अशी ओळ चुकून दिसली, तर वर सांगितलेला न वाचण्याचा नियम तिथे लागू नाही. त्या माणसाजवळ बसा, सरळ विचारा, त्याला एकटं सोडू नका आणि फवारणीची औषधं घराबाहेर हलवा.

रात्री झोप लागत नाही, तेव्हा काय लिहावं?

उद्याच्या कामांची यादी. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या अभ्यासात झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर आली. "बँक" असं न लिहिता "बँकेत पासबुक भरणे, सोबत आधारची झेरॉक्स" असं लिहा.

मोबाईलवर लिहिलं तर चालेल का?

चालेल. रात्री दिवा लावता येत नाही, हात दुखतो, लिहायचा सराव नाही, अशांना फोन बरा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो, त्यावर तारीख-वेळ आपोआप पडते. बोलून टाईप करता येतं, पण ते यंत्र प्रमाण मराठी ओळखतं आणि "आभाय" म्हटलं की भलतंच काही छापतं. बोली जपायची असेल तर आवाजच रेकॉर्ड करा.

फोनवरच्या रोजनिश्या फोनबरोबर जातात. पडला, चोरीला गेला, नवा घेतला, की मागचं संपलं. म्हणून महिन्याच्या शेवटी त्यातलं निवडक वहीत उतरवा. आणि फोन घरात चौघांच्या हातात फिरत असेल तर त्यात मनातलं लिहू नका.

आमची आजी लिवत नाई, तिचं कसं ठेवाचं?

आठवड्यातून एक दिवस, २० मिनिटं. तिने सांगावं, नातवंडाने लिहावं. "तुझं आयुष्य सांग" म्हटलं तर ती "काय सांगू बाप्पा" म्हणून गप्प होते. एखादी वस्तू पुढे ठेवा: जातं, पाटा, जुनं लुगडं, लग्नातलं भांडं. "हे घरात कधी आलं?" एवढा प्रश्न पुरतो. ती म्हणाली तसंच लिहा, शुद्ध करू नका. तिने साल सांगितलं नाही तर "धाकटा झाला त्या सालचं" असं लिहा आणि कंसात तुमचा अंदाज टाका, म्हणजे तिचं कोणतं आणि तुमचं कोणतं ते वेगळं राहील. शेवटी वाचून दाखवा. वाचताना ती नेहमी काहीतरी दुरुस्त करते, आणि ती दुरुस्ती मूळ सांगण्याइतकीच मोलाची असते.

लहान मुलांना सवय कशी लावावी?

सक्ती नको, तपासणी नको, चुकांवर खुणा नकोत. चित्र काढून खाली एक ओळ लिहिली तरी पुष्कळ झालं. मोठ्यांनी स्वतः शेजारी बसून लिहावं.

पावत्या, तिकिटं, पानं-फुलं वहीत कशी ठेवावी?

मशीनमधून निघणारी गुळगुळीत पावती (एसटीचं तिकीट, एटीएमची चिठ्ठी, काट्याची पावती) उष्णतेवर छापलेली असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती काळी पडते किंवा कोरी होते. त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा किंवा आकडे हाताने उतरवा. सेलोटेप पिवळी पडून कागद खाते, टाचणी गंजून भोक पाडते. मैद्याच्या खळीला कसर आणि झुरळं लागतात. मागच्या पुठ्ठ्याला आतून एक लिफाफा चिकटवा आणि सगळं त्यात ठेवा. पान किंवा फूल आधी आठवडाभर वर्तमानपत्रात वजनाखाली वाळवा.

उधई, कसर आणि पावसापासून वह्या कशा वाचवाव्या?

उधई भिंतीतून आणि जमिनीतून येते. वह्या कोनाड्यात मातीच्या भिंतीला टेकवून ठेवल्या की एका पावसाळ्यात आतून पोकळ होतात, वरून पुठ्ठं तसंच दिसतं. पत्र्याची पेटी घ्या, चार विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. महिन्यातून एकदा विटांवर मातीची रेघ चढली आहे का पाहा. पूर्वी पोथ्यांबरोबर वेखंड बांधून ठेवत, तो आजही चालतो. कडुलिंबाचा पाला घालायचा असेल तर हातात चुरा होईल इतका वाळलेला हवा, ओलसर पाल्याने बुरशी येते. ओली वही प्लास्टिकच्या पिशवीत कधीच बंद करू नका. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये पेटी उघडून वह्यांना दोन-तीन दिवस सावलीत हवा द्या.

वही भिजलीच तर चिकटलेली पानं ओढून वेगळी करू नका. उभी करा, पंख्यासारखी हलकेच उघडा, दर दहा-बारा पानांमागे कोरा, छपाई नसलेला कागद किंवा सुती कापड घाला आणि दोन-तीन तासांनी बदला. उन्हात ठेवली तर पानं वाकडी होतात. दोन दिवसांत वाळली नाही तर बुरशी धरते. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवडीने वाळवा, गोठलेल्या वहीत बुरशी वाढत नाही. बुरशी आलीच तर वही पूर्ण वाळल्यावर, नाकाला रुमाल बांधून, अंगणात मऊ ब्रशने झाडा.

मागचं वाचायचं केव्हा?

रोज नाही. कालचं आज वाचलं की खोडाखोड सुरू होते. महिन्यातून एकदा पुरे. वाचताना पानांना क्रमांक द्या आणि वहीच्या सुरुवातीला सोडलेल्या चार पानांवर सूची करा: "विहिरीला पाणी लागलं, ४७", "ताईचं बाळंतपण, ६२". जुनं मत चुकलं असं वाटलं तर ते खोडू नका, समासात आजची तारीख घालून नवं लिहा.

वही संपत आली, आता?

शेवटची पाच पानं उरली की नवी वही आणून ठेवा. मधे खंड पडतो तो बहुधा इथेच. जुन्या वहीच्या पाठीवर क्रमांक, "पासून" आणि "पर्यंत" तारखा लिहा. नव्या वहीच्या पहिल्या पानावर उधारी-उचल पुढे ओढा, जशी हिशेबात ओढतात तशी, आणि तिच्याखाली अर्धवट राहिलेल्या गोष्टी: कोणाशी बोलायचं राहिलं, कोणत्या दुखण्याची तपासणी बाकी आहे, आजीने कोणती गोष्ट अर्धी सांगितली. तुमच्या मागे या वह्या कोणी वाचाव्या आणि कोणत्या न वाचता जाळाव्या, हेही पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवून लिहून ठेवा, आणि तो कागद तिथे आहे हे एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवा.